पाच चिमट्यांचा वारा

ठरलं होतं ते असं: पवनचक्कीवाल्यांचा अहवाल चांगला आला, तर माळ वीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं त्यांना द्यायचा. वाईट आला, तर त्याच दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत, खडीवाल्याला होकार कळवून मोकळं व्हायचं. मागच्या खेपेच्या तीन दिवसांच्या रुसव्याफुगव्यांतून एवढं एकच एकमत बाहेर पडलं होतं, आणि ते आपण पाडलं याबद्दल ताई अजूनही स्वतःवर खूश होती. तीस वर्षं पाचवीचा वर्ग सांभाळला होता तिनं. त्यापुढे दोन भाऊ आणि एक भावजय म्हणजे काय.

गुरुवार ठरला तेव्हा तिनं वहिनीला फोन केला, की एवढा एक दिवस धुणं पुढे ढकल, चार माणसं बसणार आहेत, सह्या व्हायच्या आहेत.

"कळवते दवाखान्यात," वहिनी म्हणाली. "म्हणावं, बुधवारी कुणी अंथरुणात काही करू नका, आमच्या वन्सं येणार आहेत."

त्यामुळे ताई पोचली तेव्हा घरामागच्या माळावर दवाखान्याच्या साठ चादरी लागलेल्या होत्या आणि उरलेल्या साठ मागच्या मोरीत पिळल्या जात होत्या. सोमवारी आणि गुरुवारी हे असंच चालायचं, थोरला गेला त्याच्या पुढच्या महिन्यापासून. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. थोरल्याची बायको म्हणून ती वहिनी. पण दवाखान्यातल्या नर्सा तिला वहिनीच म्हणत, आणि टेम्पोवालाही.

पुढच्या खोलीत इस्त्रीचं लांब टेबल होतं. घरातले सगळे निर्णय त्यावरच होत, आणि बोलणं लांबलं की एका टोकाकडून जळका वास येई. मिस्त्रीण, म्हणजे मधल्या भावाची, मिस्त्रीची, बायको, याही वेळी आपल्या टोकाला उशांच्या खोळींचा ढीग घेऊन उभी होती. तुम्ही बोला, माझे कान रिकामेच आहेत, असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

धाकटा शहरातून सकाळच्या गाडीनं आला होता. विमा कंपनीत तो लोकांचे दावे तपासायचा. टेबलावर त्यानं फाइल ठेवली, फाइलवर पेन ठेवलं, आणि पेनवर हात. त्याच्याकडे पाहताना ताईला नेहमीसारखं थोडं वाईट वाटलं. सगळे त्याला विकणारा म्हणत. पण मागच्या वर्षी वहिनीचा उजवा खांदा धरला, तेव्हा दर शनिवारी येऊन तिला मालिशवाल्याकडे नेत होता तो हाच. अजून वहिनीला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते, मिस्त्रीण विंचरून द्यायची. ओल्या चादरीचं वजन किती असतं ते त्यानं एकदा ताणकाट्यावर मोजलं होतं, आणि दिवसाच्या एकशेवीस चादरींनी गुणून तो आकडा ताईला फोनवर ऐकवला होता. माळ विकला की तो मोठं घर घेणार होता आणि त्यात वहिनीला खिडकीची खोली देणार होता.

"कुठली खिडकी? तिसऱ्या मजल्याची?" वहिनीनं तेव्हा विचारलं होतं. "तिथून काय दिसतं?"

"समोरचं घर दिसतं."

"बघू मग. त्यांचे कपडे कसे वाळत घातलेत ते तरी कळेल."

तिला काय हवं हे मात्र तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि ताईनंही विचारलं नव्हतं. ताईचं मत साधं होतं. खडीवाला नक्की होता, वारा नक्की नव्हता. साठीनंतर माणसानं नक्की असेल ते घ्यावं, असं तिला वाटे. खडीवाला माळ सुरुंगानं फोडून खडी करणार, हे तिला आवडत नव्हतं. पण मिस्त्रीचं मत विकायच्या विरुद्ध, धाकट्याचं बाजूनं, वहिनी गप्प, म्हणजे तराजू आपल्याच हातात आहे, हेही तिला ठाऊक होतं आणि त्याचा थोडा भार वाटत होता.

पवनचक्कीवाल्यांच्या संस्थेतल्या इंजिनीयर बाई साडेदहाला स्कूटरवरून आल्या. तिशीच्या आतल्या, पाठीवर पिशवी, केसांत धूळ. दोन पेले पाणी पिऊन त्यांनी लॅपटॉप उघडला आणि इकडचं तिकडचं न बोलता वाईट बातमी सांगितली. नऊ महिन्यांच्या मोजणीत वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला दोन पूर्णांक आठ मीटर. छोट्या पवनचक्कीलाही निदान साडेचार लागतो. दोन चक्क्या उभ्या करायचा आमचा विचार होता, म्हणाल्या, पण या आकड्यावर एकही फिरणार नाही. संस्थेच्या वतीनं मला नाही म्हणावं लागतंय.

धाकट्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल म्हणून ताईनं बघितलं. दिसला नाही. त्यानं फक्त पेनावरचा हात काढला.

मिस्त्री म्हणाला, असं कसं होईल, माळावर उभं राहिलं तर डोक्यावरची टोपी राहत नाही. इंजिनीयर बाईंनी मान हलवली. त्यांनाही तेच खटकलं होतं, पण यंत्र तर खोटं बोलत नव्हतं. आणि मग लॅपटॉप मिटता मिटता, जाण्याआधी काहीतरी बोलायचं म्हणून बोलावं तशा त्या म्हणाल्या,

"एक गंमत मात्र मी अजून कुठे पाहिली नाही. तुमच्या माळावर सोमवारी आणि गुरुवारी वारा पडतो. दहा ते तीन. नऊ महिने, दर आठवड्याला. तीननंतर पुन्हा सुरू होतो."

मिस्त्रिणीची इस्त्री हवेत थांबली.

*

मिस्त्रीला आधी कळलं, की वहिनीला आधी कळलं, यावर त्या घरात पुढे बरीच वर्षं वाद होणार होता. खरं तर दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं. वहिनी मागच्या दारात उभी होती, कोपरापर्यंत ओली, पोटाशी जुन्या चादरीचा शिवलेला एप्रन, त्यावर दवाखान्याचा अर्धा शिक्का.

मिस्त्री लेथवर काम करायचा. पंचक्रोशीत कुणाच्या मोटरचा, कुणाच्या पंपाचा दांडा झिजला की त्याच्याकडे यायचा. केसाच्या जाडीइतकी चूक त्याला बोटानं कळे. आणि नऊ महिन्यांपूर्वी संस्थेनं पाठवलेलं वारा मोजायचं यंत्र त्यानं स्वतःच्या हातानं लावलं होतं. तीन छोट्या वाट्यांचं भिरभिरं, त्याखाली डबी, आणि सोबत खांबासाठी तीन नळ्या, एकेक तीन मीटरची.

तो उठला. "बाई," तो म्हणाला, "त्या नळ्या तीन होत्या ना."

इंजिनीयर बाई म्हणाल्या, हो, एकात एक बसवायच्या, म्हणजे नऊ मीटर होतात.

"एकात एक."

"पुस्तिकेत चित्र आहे."

मिस्त्रीनं पुस्तिका पाहिली नव्हती. नळी ही वस्तू पुस्तिकेतून शिकायची वेळ अजून त्याच्यावर आली नव्हती. त्यानं एक नळी पुरली, तिच्यावर भिरभिरं बसवलं, खालून फोटो काढून पाठवला. फोटोत ते आभाळाला टेकल्यासारखं दिसत होतं. उरलेल्या दोन नळ्या त्याला जास्तीच्या वाटल्या. त्याच्या धंद्यात चांगला माणूस सामान पाठवताना एखादा तुकडा जास्तीचा पाठवतोच. असल्या सरळ, न गंजणाऱ्या नळ्या पडून कशाला राहू द्यायच्या? त्याच आठवड्यात वहिनीच्या दोऱ्यांचे दोन लाकडी खांब कुजून वाकले होते.

हे सगळं त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं.

"म्हणजे आमच्या मोजणीच्या खांबावर," इंजिनीयर बाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही कपडे वाळत घालता."

"दोन तृतीयांश खांबावर," मिस्त्रीण म्हणाली.

धाकट्यानं तोंडावर हात धरला. ताईला आधी वाटलं तो रागावला.

बाकीचं वहिनीनं सांगितलं. भिरभिरं दोऱ्यांच्या मागे लावायला तिनंच सांगितलं होतं. पुढे लावलं असतं तर चादर उडून त्यात अडकली असती, आणि परक्याची वस्तू मोडली असती. त्या मागच्या कोपऱ्यात, खडकाच्या आडोशाला, ते सुखरूप होतं. वारा येतो पुढून. सोमवारी आणि गुरुवारी दहा वाजता वाऱ्याच्या आणि भिरभिऱ्याच्या मधोमध साठ चादरी उभ्या राहत, मग दुसऱ्या साठ. तीनला ती चादरी काढायची.

"नऊ महिने आम्ही तीन मीटरवरचा, चादरींमागचा वारा मोजला," इंजिनीयर बाई म्हणाल्या.

मिस्त्री पुन्हा खाली बसला नाही. त्याला आठवत होतं की ते भिरभिरं कधी कधी अगदी मलूल फिरायचं, आणि ते बघून, विकायची वेळ आली, असं त्याच्या मनात यायचं, आणि तो घरात येऊन कुणाशी बोलायचा नाही. वहिनीचे हात धुण्याच्या सोड्यानं फुटलेले होते. त्या हातांसाठी म्हणून त्यानं ते खांब उभे केले होते, आणि आता त्यांच्यापायीच तिची जमीन जायची होती.

*

धाकट्यानं घड्याळ बघितलं. त्यानं सरळ प्रश्न विचारला आणि त्यात काही वाईट नव्हतं: चूक झाली हे मान्य, पण चांगला वारा आहे हे त्यानं कसं सिद्ध होतं? इंजिनीयर बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, होत नाही. पुन्हा नीट मोजावं लागेल, निदान सहा महिने. संस्थेकडे फेरमोजणी मागायची तर मला काहीतरी आधार दाखवावा लागेल, नुसतं घरातल्यांना वाटतं एवढं चालणार नाही. आणि खडीवाला सहा महिने थांबणार नव्हता. पाच वाजेपर्यंत थांबणार होता.

"वाटतं कशाला," वहिनी म्हणाली. "आत्ता चार चिमट्यांचा आहे. दुपारनंतर पाचाचा होईल."

कुणाला काही कळलं नाही. मिस्त्रिणीला कळलं, कारण ती रोज ऐकत होती.

मग वहिनीनं एप्रनच्या खिशातून लाकडी चिमटे काढून टेबलावर मांडले. चादर एकच, पण तिला किती चिमटे लावायचे हे वाऱ्यावर असतं. दोन चिमट्यांचा दिवस म्हणजे चादर नुसती लोंबते, संध्याकाळपर्यंत दमट राहते, काठाला वास येतो. तीन म्हणजे खालचा काठ हलतो. चाराला चादर पोट काढते. पाचाला ती आडवी होऊन फडफडते, दीड तासात कोरडी. सहा चिमट्यांच्या दिवशी ती दवाखान्यात निरोप पाठवते की आज नाही. चिमटे कमी लावले तर चादर दरीत जाते, जास्त लावले तर दर चादरीमागे वेळ जातो आणि वाकणं वाढतं. तिच्या खांद्याला प्रत्येक चिमटा वेगळा कळत होता, त्यामुळे ती उगाच एकही जास्तीचा लावत नव्हती.

"रोज अंदाजानं?" इंजिनीयर बाईंनी विचारलं.

"अंदाज पहिल्या वर्षी. तेव्हा अकरा चादरी गेल्या."

इंजिनीयर बाईंनी पिशवीतून हातात धरायचं छोटं वारामापक काढलं आणि म्हणाल्या, चला.

माळ घराच्या मागून चढत जातो. उन्हानं भाजलेला मुरूम, मधूनमधून काळे दगड, पोटरीइतकं वाळकं गवत. सगळे निघाले. मिस्त्रीणसुद्धा इस्त्री बंद करून आली, आणि हे त्या दिवसातलं पहिलं आश्चर्य होतं. पुढे वहिनी, तिच्या मागे इंजिनीयर बाई. वहिनी थांबायची, तोंड थोडं वर करायची, म्हणायची, इथे तीन. बाई यंत्र धरायच्या, मिनिटभर थांबायच्या आणि आकडा सांगायच्या. पुढे दगडांच्या राशीपाशी, इथे दोनच, तो खडक आडवा येतो. पुन्हा आकडा. बाईंनी मधे एकदा मुद्दाम चुकवायला म्हणून उताराच्या खाली नेलं. वहिनी म्हणाली, इथे तीन वाटेल तुम्हाला, पण हा गोल फिरणारा वारा आहे, यात चादर दोरीला गुंडाळली जाते. बाईंनी यंत्रावरची दिशा बघितली, ती सारखी बदलत होती. त्यानंतर त्यांनी चुकवायचा प्रयत्न केला नाही.

पाण्याच्या टाकीपाशी आल्यावर वहिनी म्हणाली, चार. यंत्र म्हणालं, साडेचार. "दोन मीटर उंचीवर साडेचार," इंजिनीयर बाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. वर अठरा मीटरवर, चक्कीची पाती फिरतात त्या उंचीवर, याहून बराच जास्त असणार. वर्षातले किती दिवस असा असतो, त्यांनी विचारलं. वहिनीनं महिने बोटांवर सांगितले. चाराचे इतके, पाचाचे इतके, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तीन आठवडे दोनाचे, तेव्हा ती मिस्त्रिणीला घरातले पडदे धुवायला सांगते.

"म्हणजे ही जागा चांगली आहे," बाई म्हणाल्या. "हीच सगळ्यांत चांगली का?"

आता वहिनीच्या मनात काय चाललं होतं ते ती कुणाला सांगणार नव्हती, म्हणून इथे सांगायला हवं.

टाकीपाशी चार चिमट्यांचा वारा होता. बाईंना साडेचारच हवा होता. इथे चक्की उभी राहिली असती, कदाचित एकच, कदाचित जेमतेम, पण राहिली असती. माळ वाचला असता, आणि पलीकडे माळाच्या खांद्यावरची तिची जागा, जिथे आत्ता साठ चादरी आडव्या होऊन फडफडत होत्या, तिची तिलाच राहिली असती. पवनचक्कीभोवती चाळीस पावलं मोकळी लागतात, उडून जाईल अशी कुठलीही वस्तू तिथे चालत नाही, हे बाईंनी चढताना सांगितलेलं तिनं नीट ऐकलं होतं. ती जागा तिनं पहिल्या वर्षी शोधली होती, अकरा चादरी घालवून. थोरल्याच्या आजारपणातले शेवटचे सहा महिने तिनं दवाखान्यात चादरी बदलताना बघितल्या होत्या, आणि त्यातून हे काम उभं केलं होतं. त्या जागेवर उभं राहिलं की पदर मागे सरळ होतो आणि कानात दुसरं काही शिरत नाही. बावीस वर्षांत तिला जे काही रडायचं होतं ते ती तिथे दोन चादरींच्या मधे रडून आली होती. घरात कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि तिचा स्वभावच तसा नाही अशी सगळ्यांची समजूत झाली होती.

खाली घराजवळ दोऱ्या बांधल्या तर तीन चिमट्यांचा वारा. चादर वाळायला दुप्पट वेळ. एकशेवीसच्या साठ होतील.

बाई वाट बघत होत्या. त्यांना कधी कळलंच नसतं.

"नाही," वहिनी म्हणाली. "चांगली जागा ती तिकडे आहे. जिथे माझ्या दोऱ्या आहेत."

*

धाकटा सगळ्यांच्या मागे चालला होता. त्याच्या हातात फाइलमधला एक कोरा कागद होता आणि त्यानं मधे एक रेघ ओढली होती. डावीकडे वहिनी काय म्हणाली, उजवीकडे यंत्र काय म्हणालं. कुणी सांगितलं नव्हतं, सवय होती. माणसाचं बोलणं आणि खरी गोष्ट यांतलं अंतर मोजण्याचाच त्याला पगार मिळत होता, आणि एकवीस वर्षांच्या नोकरीत ते अंतर नाही असा माणूस त्याला भेटला नव्हता. लोक खोटं बोलतात असं नाही, तो बायकोला सांगायचा, लोकांना आपल्याच गोष्टी नीट ठाऊक नसतात.

सात जागा झाल्या. सातही जुळल्या. आठवी जागा दोऱ्यांची. वहिनीनं आधी दोन ओळींच्या चादरी काढायला लावल्या, म्हणजे वाऱ्याला वाट मोकळी. मिस्त्री आणि मिस्त्रीण दोघं धावून काढत होती. मिस्त्री त्या दोन चकचकीत नळ्यांकडे बघणं टाळत होता. चादर काढायला वहिनीनं उजवा हात वर केला, तो खांद्याच्या वर गेला नाही, मग तिनं डावा केला. धाकट्यानं ते पाहिलं. तो नऊ वर्षांचा असताना ती लग्न होऊन या घरात आली. एवढ्याशा पोराला भावजी म्हणायचं असतं म्हणून ती म्हणू लागली, पण अहो-जाहो काही तिला जमलं नाही. शाळेचा त्याचा पांढरा शर्ट ती रोज धुवायची, त्याच्याकडे दुसरा नव्हता म्हणून. तो सकाळी कसा वाळलेला असायचा, हा प्रश्न त्याला आजवर पडला नव्हता.

"पाच," वहिनी म्हणाली. "थोडा वरच."

बाईंनी यंत्र धरलं. मिनिट झालं. त्यांनी आणखी एक मिनिट धरलं.

"सहा पूर्णांक तीन," त्या म्हणाल्या. "मी इथे दोन चक्क्या लावीन. तुम्ही द्याल तर."

मग त्या दोऱ्यांकडे वळल्या, आणि त्यांना जे बोलायचं होतं ते त्यांना नीट बोलता येईना. तरुण मुलगी होती, तिला कळलं होतं. ताईलाही त्याच क्षणी कळलं. ती वहिनीजवळ गेली आणि पाचवीच्या वर्गात कधी वापरला नसेल अशा हळू आवाजात म्हणाली, वहिनी, टाकीपाशी चाललं असतं की. वहिनी म्हणाली, वन्सं, अर्धवट वाऱ्यात काय घालायचं आणि काय काढायचं.

"मग तुझ्या चादरी?" धाकट्यानं विचारलं.

"खाली वाळतील. वेळ लागेल. मलाही आता सगळ्याला वेळच लागतो."

"कमी होतील."

"होऊ देत. खांदा, खांदा करत होतास ना? अर्ध्याच होतील. तुझंही ऐकल्यासारखं झालं."

त्यानं आठवी ओळ लिहिली. हातातल्या कागदावर आठ ओळी होत्या. असा दावा त्याच्या टेबलावर आला असता तर त्यानं तो शंकेनं परत पाठवला असता, इतका तो जुळत होता.

खाली येऊन सगळे पुन्हा टेबलाशी बसले. इंजिनीयर बाईंनी तो कागद मागून घेतला आणि फोटो काढला. हाच आधार, म्हणाल्या, याच्यावर फेरमोजणी मंजूर होईल, नऊ मीटरच्या खांबावर, आणि या वेळी खांब मी स्वतः लावीन. मिस्त्री म्हणाला, लावा, मी दुरून बघतो. तरीही हमी नाही, बाईंनी बजावलं. सहा महिने लागतील. संस्थेनं नाही म्हटलं तर नाही. त्या गेल्या तेव्हा अडीच वाजले होते.

आता उरला तराजू. ताईनं सगळ्यांकडे बघितलं. ठरलेलं ठरलेलं होतं, अहवाल वाईट आला होता, तिचाच नियम होता. नक्की एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सहा महिने आणि एका बाईचा शब्द. तिनं वहिनीला विचारलं, जे आजवर कुणी विचारलं नव्हतं, की तुला काय वाटतं.

वहिनीनं विचार केला. "मला फुटलेला माळ बघवणार नाही," ती म्हणाली. "पण भावजीचं घरही अडायला नको. तुम्ही ठरवा. माझ्या दुसऱ्या साठ मोरीत पडल्यात." आणि ती उठून गेली.

मिस्त्रीनं बोलायला तोंड उघडलं, पण आजच्या दिवशी आपण बोलावं का असं वाटून मिटलं. ताई म्हणाली, मी माझी सही आत्ता करत नाही. हे बोलताना ती धाकट्याकडे बघत होती, कारण नियम मोडायला तिला कुणाचीतरी सोबत हवी होती.

धाकट्यानं फाइल पुढे ओढली. पेन उचललं, टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. मग फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, खडीवाल्याला लावला.

खडीवाला खूश होता. कधी भेटायचं, म्हणाला. त्याचा आवाज मोठा होता, मिस्त्रिणीच्या टोकापर्यंत ऐकू जात होता. धाकट्यानं सांगितलं की भेटायचं नाही, माळ विकायचा नाही. पलीकडून विचारणा झाली की दुसरं कुणी जास्त देतंय का. नाही. घरात भांडण झालं का? तेही नाही. मग थोडं थांबू का, महिनाभर, दोन महिने?

"थांबू नका," धाकटा म्हणाला.

खडीवाला हसला. त्यानं तो माळ पाहिला होता. दगड आणि गवत, खाली पाणी नाही, वर सावली नाही. अहो, मग करणार तरी काय त्या माळाचं, त्यानं विचारलं.

सांगायला बरंच होतं. संस्था, फेरमोजणी, अठरा मीटर, वीस वर्षं. धाकट्यानं खिडकीतून मागे बघितलं. वहिनी ओल्या चादरींची पाटी कमरेवर घेऊन माळ चढत होती, आणि तिच्या मागून मिस्त्री दुसरी पाटी घेऊन घाईनं निघाला होता. शहरात, ऑफिसात, सासरी, गेली सोळा वर्षं कुणी विचारलं की घरचे काय करतात, तर तो म्हणायचा, दवाखान्यांना पुरवठा आहे.

"कपडे वाळत घालतो आम्ही तिथे," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.